कोथरूडमध्ये भाड्याचे घर: एजंटाची सेवा आणि घरपोच करारनोंदणी

गेल्या मे महिन्यात माझी सोलापूरहून पुण्याला बदली झाली आणि जूनच्या मध्यावर शाळा सुरू होण्याआधी घर शोधणे, करार नोंदवणे आणि सामान हलवणे अशी तिन्ही कामे उरकणे भाग पडले. या धावपळीत मी दोन सेवा पैसे मोजून घेतल्या. एक कोथरूडमध्ये भाड्याची घरे दाखवणाऱ्या एजंटाची, आणि दुसरी घरी येऊन लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, ऑनलाइन नोंदवून देणाऱ्या प्रतिनिधीची. दोघांचीही नावे येथे दिलेली नाहीत, कारण मला जे सांगायचे आहे ते त्या दोन माणसांपुरते नाही; पुण्यात घर शोधणाऱ्या प्रत्येकाला थोड्याफार फरकाने हीच पद्धत भेटते. घर दाखवण्याच्या बाबतीत एजंटाने उत्तम काम केले, पण कराराच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबून राहिलो असतो तर आमचे मोठे नुकसान झाले असते.

आमच्या गरजा मोजक्या होत्या. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट हवी किंवा घर पहिल्या मजल्यावर हवे. मुलीला शाळेत पायी जाता यावे. माझे कार्यालय बंडगार्डनच्या बाजूला असल्यामुळे वनाज ते रामवाडी या मेट्रोमार्गाच्या जवळ राहिलो तर दुचाकीवरून कर्वे रस्त्याची गर्दी रोज कापावी लागणार नव्हती. म्हणून वनाज, आनंदनगर आणि आयडियल कॉलनी या तीन स्थानकांपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत असलेलीच घरे बघायची, असे आधी ठरवले. भाग ठरवण्याआधी बजेट ठरवणारे बरेच भेटतात, पण माझा अनुभव असा की रोजच्या जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्च धरल्याशिवाय भाड्याचा आकडा स्वस्त की महाग हे कळतच नाही. वाघोलीकडे चार हजारांनी कमी भाड्यात याहून मोठे घर मिळत होते. तिथून कार्यालयात जाण्यायेण्याचा हिशेब मांडल्यावर तो फायदा उरला नाही.

पहिला आठवडा मी केवळ ऑनलाइन जाहिरातींवर घालवला आणि तो बहुतांशी वाया गेला. ‘थेट मालकाकडून’ असे लिहिलेल्या जाहिरातींपैकी अनेक ठिकाणी फोन उचलणारा एजंटच निघाला. एकाच घराची तीच छायाचित्रे तीन वेगवेगळ्या भाड्यांनी टाकलेली दिसली. एकाने तर आपण लष्करात अधिकारी असून बदलीमुळे परराज्यात आहोत, घर बघायला सोसायटीचा गेटपास लागेल आणि त्यासाठी अडीच हजार रुपये आधी पाठवा, ते भाड्यात वळते करू, असे सांगितले. फसवणुकीचा हा प्रकार आता सर्वत्र ठाऊक झाला आहे, तरीही परगावाहून घाईत घर शोधणारा माणूस त्याला बळी पडतो, कारण छायाचित्रात घर सुंदर असते आणि भाडे बाजारापेक्षा जरा कमी असते. घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकाच्या नावाचे एखादे कागदपत्र डोळ्यांखालून घातल्याशिवाय कोणालाही एक रुपयासुद्धा पाठवू नये. हे मला इथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

त्यानंतर एका सहकाऱ्याने या एजंटाचा क्रमांक दिला. त्यांची दलाली एक महिन्याचे भाडे, म्हणजे पुण्यात सर्रास घेतली जाते तेवढीच होती, आणि ती पहिल्याच फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितली. फोनवर त्यांनी विचारलेले प्रश्नही नेमके होते: कुटुंबात माणसे किती, गाडी कोणती, वृद्ध कोणी आहे का, सामान स्वतःचे आहे की फर्निचरसह घर हवे, आणि किमान किती वर्षे राहणार. दोन दिवसांत त्यांनी सहा घरे दाखवली. सहाही आम्ही सांगितलेल्या चौकटीत बसणारी होती, एकही ‘बघून तर घ्या’ म्हणून गळ्यात मारलेले नव्हते.

तिसऱ्या घराची आठवण मुद्दाम नोंदवतो. नुकताच रंग दिलेला टू बीएचके फ्लॅट, स्वच्छ फरशी, भरपूर उजेड. बायकोला ते घर बघताक्षणी आवडले होते. एजंटाने काही न बोलता आतल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाचे दार उघडले आणि खालच्या कप्प्यातला कागद उचलून दाखवला. कागद मागच्या बाजूने दमट होता आणि कोपऱ्यात चुन्याचे पोपडे बोटाने दाबताच सुटत होते. पलीकडे न्हाणीघर होते. ‘‘रंग कपाटाच्या बाहेर दिलाय, आत नाही. पावसाळ्यात इथे कपडे ठेवता येणार नाहीत,’’ एवढेच ते म्हणाले. ते घर दिले असते तर त्यांना दलाली तितकीच मिळाली असती. घर निवडण्याच्या कामात मी त्यांना पूर्ण गुण देतो ते याच कारणासाठी, आणि तेव्हापासून कोणतेही घर बघताना मी आधी न्हाणीघराला लागून असलेली भिंत, कपाटांचे तळ आणि खिडकीखालचा कोपरा हाताने चाचपून पाहतो.

पाण्याची चौकशी मात्र आपणच करायला हवी, आणि ती मे महिन्यात केली तर उत्तम, कारण खरी परिस्थिती तेव्हाच दिसते. मालक आणि एजंट दोघेही ‘पाण्याचा काही प्रश्न नाही’ असेच म्हणतात. मी सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला बाजूला घेऊन विचारले की उन्हाळ्यात आठवड्याला टँकर किती येतात आणि त्यांचे पैसे मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळे गोळा करतात. एका इमारतीत दिवसाआड दोन टँकर येत होते आणि त्यांची वर्गणी राहणाऱ्याकडून घेतली जात होती; ही गोष्ट आम्हाला तोपर्यंत कोणीही सांगितली नव्हती. तसेच घर पसंत पडले की एकदा रात्री आठनंतर तिथे पुन्हा जावे. दिवसा शांत वाटणाऱ्या रस्त्यावर रात्री गाड्या कुठे लागतात, जिन्यात दिवा असतो का, घरात मोबाइलला रेंज मिळते का, हे त्याच वेळी कळते. महावितरणचे शेवटचे बिल मागून थकबाकी शून्य आहे ना हेही पाहून घ्यावे, कारण वीज तोडली गेली तर अंधारात बसायचे आपल्यालाच असते.

पाचवे घर आम्ही घेतले. आनंदनगर स्थानकापासून चालत दहा मिनिटे, दुसरा मजला, लिफ्ट, भाडे दरमहा २२,००० रुपये आणि डिपॉझिट तीन महिन्यांचे, म्हणजे ६६,००० रुपये. घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, शेजारच्याच इमारतीत राहणाऱ्या. आम्ही त्यांना पहिल्या भेटीपासून काकूच म्हणू लागलो. टोकन म्हणून पाच हजार दिले तेव्हा ते कोणत्या घरासाठी आहे, भाडे व डिपॉझिट किती ठरले, ताबा कोणत्या तारखेला आणि व्यवहार मालकाकडून मोडल्यास टोकन पूर्ण परत, एवढे चार मुद्दे मी मेसेजवर लिहून पाठवले आणि त्यावर काकूंचे ‘हो’ घेतले. वकिली कागद नसला तरी पुढच्या चर्चेत त्या एका मेसेजचा मोठा आधार झाला.

पहिला मतभेद सोसायटीच्या शुल्कावरून झाला. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क आकारते, ते भाडेकरूने भरायचे असते असे एजंटाने ठामपणे सांगितले. हे शुल्क सोसायटी आपल्या सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घेते, आणि राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते महापालिकेचे कर वगळून उरणाऱ्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. भाडेकरूने ते भरावे असे उभयतांनी ठरवले तर गोष्ट वेगळी, पण ते ठरवावे लागते, गृहीत धरता येत नाही. काकूंनी ते लगेच मान्य केले. मेंटेनन्स त्यांनी भरायचा, वीज, गॅस आणि इंटरनेट आम्ही भरायचे, असे ठरले.

दुसरा मतभेद अधिक गंभीर होता आणि एजंटाच्या सेवेवरचा माझा मुख्य आक्षेप तोच आहे. करार नोंदवण्याऐवजी स्टँप पेपरवर नोटरी करून घेऊ, त्यात दोघांचेही पैसे वाचतील, असे त्यांनी सुचवले. हा सल्ला पुण्यात अजूनही अनेकांना दिला जातो आणि तो सरळसरळ चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असलाच पाहिजे आणि तो नोंदणीकृतही असलाच पाहिजे. मुदत अकरा महिन्यांची आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी न करण्यात खरा धोका मालकालाच जास्त आहे, आणि हे काकूंना समजावून सांगितल्यावर त्यांनी नोटरीचा विषय स्वतःच संपवला. भाडेकरूचा फायदाही लहान नाही. बँक, गॅस जोडणी, पारपत्र, मुलांची शाळा अशा सगळ्या ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार विनातक्रार चालतो.

जे पैसे ‘वाचणार’ होते ते किती होते तेही सांगतो. निवासी कराराचे मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. आमच्या बाबतीत अकरा महिन्यांचे भाडे २,४२,००० रुपये आणि डिपॉझिटवरचे व्याज ६,०५० रुपये, मिळून २,४८,०५० रुपये. त्यावर शुल्क सहाशे-सातशेच्या घरात गेले. महापालिका हद्दीतील नोंदणी फी एक हजार रुपये. ६६,००० रुपयांचे डिपॉझिट आणि घराचा हक्क ज्या कागदावर उभा आहे, त्या कागदाचा सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास असतो, आणि तोही आम्ही काकूंबरोबर निम्मा वाटून घेतला. ही तुलना प्रत्येक एजंटाने आपल्या ग्राहकापुढे मांडायला हवी असे मला मनापासून वाटते.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हा करार दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता नोंदवता येतो, आणि घरपोच येणारे प्रतिनिधी हेच काम लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आपल्या घरी करून देतात. आमच्याकडे आलेला तरुण ठरलेल्या वेळेला, संध्याकाळी सहा वाजता, काकूंच्या घरी पोचला. सेवाशुल्क १,२०० रुपये फोनवर सांगितले होते, तेवढेच त्याने घेतले. दोन साक्षीदार आणि सर्वांचे आधार कार्ड लागेल, आधारशी जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, असे त्याने आदल्या दिवशीच कळवले होते. कामाची शिस्त म्हणून त्याच्या सेवेला मी नावे ठेवणार नाही.

अडचण आली ती मसुद्यात. एजंटाने त्याला माहिती परस्पर पाठवली होती आणि मसुदा आम्हाला आधी दाखवण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. यंत्र जोडून तो ‘‘आधी कोण अंगठा देणार?’’ असे विचारू लागला तेव्हा मी मसुदा वाचायला मागितला. एजंट खुर्चीतून उठून म्हणाले, ‘‘साहेब, सगळ्यांचा हाच असतो, स्टँडर्ड आहे.’’ तरीही मी बसून पंचवीस मिनिटे तो वाचला. त्यात तीन गोष्टी सापडल्या. आमची विंग ‘सी’ असताना पत्त्यात ‘बी’ विंग लिहिली होती. नोंदणी झाल्यावर ही चूक निघाली असती तर वेगळे चूकदुरुस्तीपत्र नोंदवावे लागले असते आणि तोवर तो करार पत्त्याचा पुरावा म्हणून निरुपयोगी ठरला असता. दुसरे, घर सोडताना रंगकामापोटी डिपॉझिटमधून दोन महिन्यांचे भाडे कापले जाईल, असे कलम होते. तिसरे, मालकाला एक महिन्याची नोटीस देऊन घर खाली करून मागता येईल, पण भाडेकरूला अकरा महिने पूर्ण होण्याआधी सोडता येणार नाही आणि सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागेल, असे लिहिले होते.

मी ही कलमे मोठ्याने वाचली तेव्हा सर्वांत जास्त चकित झाल्या त्या काकू. ‘‘अहो, रंगाचं मी कधी बोललेच नाही! दोन महिन्यांचे चव्वेचाळीस हजार होतात की,’’ त्या म्हणाल्या. चौकशी केल्यावर कळले की ही कलमे दुसऱ्याच एका मालकाच्या जुन्या करारातून जशीच्या तशी आली होती. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. मला अस्वस्थ करून गेले ते हेच, कारण कोणीही न मागितलेले, कोणालाही ठाऊक नसलेले कलम दोन्ही बाजूंच्या अंगठ्यांनी कायदेशीर झाले असते आणि अकरा महिन्यांनी आम्ही एकमेकांना लबाड समजलो असतो. आम्ही तिथेच बदल करून घेतले: नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना, पहिल्या तीन महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, दोघांनाही सारखा, नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीचीच वजावट, आणि ज्या दिवशी किल्ल्या परत त्याच दिवशी उरलेले डिपॉझिट परत. गिझर, पंखे, नळ यांची यादी आणि ताबा घेतानाचे वीज मीटरचे रीडिंगही करारात घातले.

त्यानंतर काकूंचा अंगठा यंत्र घेईना. आयुष्यभर भांडी आणि धुणे करून रेषा झिजलेल्या, आणि यंत्रावर दर वेळी लाल अक्षरे उमटत. तरुणाने घाई केली नाही. कोमट पाण्याने हात धुवून कोरडे करायला सांगितले, मग अंगठ्याऐवजी एकेक बोट टेकवून पाहिले, आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर जुळणी झाली. त्या अर्ध्या तासात तो त्यांच्याशी ज्या आदराने बोलत होता त्यासाठी त्याच्या सेवेची मी कोणाकडेही शिफारस करीन. वयस्कर मालक असतील तर वेळ मोकळा ठेवून सकाळच्या उजेडात बोलावणे चांगले, असे त्यानेच सुचवले. नोंदणी झालेल्या कराराची प्रत तिसऱ्या दिवशी ईमेलवर आली. त्यातला पत्ता, मुदत आणि डिपॉझिटची रक्कम मी पुन्हा एकदा ताडून पाहिली.

उरलेल्या गोष्टी झटपट झाल्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन देणे हे मालकाचे काम. ते मी काकूंच्या शेजारी बसून त्यांच्या मोबाइलवरून करून दिले आणि त्याची प्रत सोसायटीला दिली. काकूंचा पॅन क्रमांक करारातच नोंदवून घेतला, कारण वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी कार्यालयात तो द्यावा लागतो आणि मार्चमध्ये मागायला गेले की अनेक मालक टाळाटाळ करतात. भाडे दरमहा बँकेतून पाठवतो. सामान आत येण्यापूर्वी रिकाम्या घराची खोलीवार छायाचित्रे काढून काकूंना पाठवली; स्वयंपाकघरातील ओट्याला असलेला एक जुना तडा त्यात स्पष्ट दिसतो.

एजंटाला त्यांची २२,००० रुपयांची दलाली मी पूर्ण दिली, पण नोंदणी झालेली प्रत हातात आल्यावर, आणि तसे आधीच सांगून ठेवले होते. घर शोधण्यासाठी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन आणि इतरांनाही पाठवीन. त्यांना भागातली प्रत्येक इमारत माहीत आहे आणि दोष लपवण्याची त्यांना सवय नाही. करार मात्र त्यांच्या हाती सोपवू नये. मसुदा किमान एक दिवस आधी मराठीत किंवा आपल्याला समजेल त्या भाषेत मागवावा आणि दोन्ही बाजूंनी तो सावकाश वाचावा, एवढी एक अट त्यांनी आपल्या पद्धतीत घातली तर मला त्यांच्याविषयी एकही तक्रार उरणार नाही. ही गोष्ट मी त्यांना समोरासमोर सांगितली आहे.

आमची मुदत एप्रिलअखेर संपते. मुदतीनंतरही घर सोडले नाही तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागण्याचा मालकाला अधिकार असतो, म्हणून नूतनीकरण चालढकलीवर ठेवणे भाडेकरूच्याही हिताचे नाही. आणि नूतनीकरण म्हणजे नवा करार, तो पुन्हा नोंदवावाच लागतो. मागच्या रविवारी काकूंचा फोन आला होता. भाडे एक हजाराने वाढवू का, असे त्यांनी विचारले, आम्ही होकार दिला, आणि नोंदणीला तोच मुलगा बोलवा, सकाळी दहाला, असे त्यांनी बजावले. नवा मसुदा मी मोठ्या अक्षरांत छापून काल त्यांच्या हातात दिला आहे. चष्मा लावून वाचून झाल्यावर कळवते, असे त्या म्हणाल्या.